हेगर डायलेटरचा ट्रे : ओटीत (ऑपरेशन थिएटरमध्ये) नवीन असशील तर

अगं घाबरू नकोस, सोलापुरात डीएनसीच्या (गर्भाशयाचं तोंड रुंद करून आतलं अस्तर खरवडून काढायच्या) केसेस रोज असतात, महिन्याभरात हात बसतो बघ. सुरुवातीला फक्त नंबर वाच. हेगर डायलेटर म्हणजे गर्भाशयाचं तोंड रुंद करायची दांडी, तिच्यावर कोरलेला आकडा म्हणजे जाडी, मिलिमीटरमध्ये, आणि दोन तोंडांची असेल तर दोन्ही टोकांची जाडी वेगळी असते, एकीकडे ३ तर दुसरीकडे ४. नव्या मुलींची पहिली चूक हीच, उलटं टोक पुढे करून देतात, मॅडमच्या हातात नको ते माप जातं.

ट्रे लावताना बारीक ते जाड अशीच ओळ लाव, आणि एकही नंबर गाळू नकोस. ५ नंतर थेट ८ दिला की जोर लावावा लागतो आणि जोर लावला की गर्भाशयाचं तोंड फाटायची किंवा पिशवीला भोक पडायची भीती, म्हणून तर हळूहळू वाढवतात. आधी व्हल्सेलम (गर्भाशयाचं तोंड पकडायचा चिमटा), मग साउंड (पिशवीची खोली मोजायची सळई), मग डायलेटर, हा क्रम पाठ कर.

आणखी दोन गोष्टी:
- केस झाली की लगेच धू, रक्त वाळू देऊ नकोस. आमच्याकडे बोअरचं पाणी जड, स्टीलवर पांढरे डाग राहतात, म्हणून शेवटी डिस्टिल्ड पाण्याने खळबळून कोरडं पूस, मगच ऑटोक्लेव्ह (वाफेने निर्जंतुक करायचं मशीन).
- टोकावर बोट फिरवून बघ (धुतल्यावर, ग्लोव्हज घालून), ओरखडा, खाच लागली तर बाजूला काढ आणि सिस्टरला सांग, लाजू नकोस.

प्रॅट वगैरे दुसरे प्रकार नंतर बघू.