चुंबळ काढू नकोस

चि. —,
अनेक आशीर्वाद.

तुझा रात्री दोनचा व्हॉइस मेसेज सकाळी चहा घेताना ऐकला. चहा गार झाला. मग तू पाठवलेले दोन्ही खर्डे उघडले. पहिल्यात आजी विहिरीवरून येते, डोक्यावर चुंबळ, चुंबळीवर हंडा. अख्ख्या इंग्रजी पानात तो एकच मराठी शब्द, आणि पान त्याच्यावरच तोललेलं. दुसऱ्यात तिथे 'कापडाची गोल गादी' आली. तिसरा म्हणे तयार होतोय. त्यात आजीच नाही. आहे तो व्हिसाच्या खिडकीतला साहेब आणि त्याने तुझ्या आडनावाचा केलेला चुथडा. का, तर मार्चमध्ये वाचन आहे आणि लोक हसले पाहिजेत.

लिहिलेलं वाच. वाचण्यासाठी लिहू नकोस. एवढंच सांगून पत्र संपवणार होते, पण तू तेवढ्यावर ऐकणाऱ्यातली नाहीस.

तुझ्या वर्गातल्या कुणाला एजंट मिळाला, कुणाची गोष्ट मोठ्या मासिकाने घेतली, कुणाला फेलोशिप, आणि हे सगळं दर महिन्याच्या मेलमध्ये नावानिशी येतं. पोटात गोळा येतो, कळतं मला. आयोवा सिटीत तर जास्तच. ते गाव २००८पासून युनेस्कोचं साहित्यनगर, तुमचा लेखनाचा वर्कशॉप १९३६चा, पुस्तकांच्या दुकानाच्या माडीवर वाचनं होतात. तिथे कॉफी प्यायला गेलं तरी शेजारच्या टेबलावर कुणीतरी कादंबरी विकून आलेला असतो. पण त्याच गावात, शेजारच्या आंतरराष्ट्रीय लेखन कार्यक्रमात, १९७५ ते ७७ दिलीप चित्रे राहिले. त्यांच्या इंग्रजी तुकारामाचं पुस्तक आलं १९९१ला. महिन्याच्या कुठल्या मेलमध्ये तू तो तुकाराम बसवणार होतीस?

आणि अमेरिकन कथालेखिका फ्लॅनरी ओकॉनर. १९४५ साली जॉर्जियाहून आली, तेव्हा तिचे उच्चार वर्कशॉपचे प्रमुख पॉल एंगल यांना कळेनात. त्यांनी कागद पुढे सरकवला आणि म्हटलं, काय हवंय ते लिहून दे. तिने लिहून दिलं आणि प्रवेश मिळवला. तुझ्या 'ळ'ला कुणी हसलं तर तो कागद आठव.

आता माझं. मी शिकले ते तुमच्याकडे नाही, दोन राज्यं पलीकडे. आमच्याकडेही वर्षअखेरीला वाचन असे. मी वडिलांची गोष्ट घेऊन गेले होते, १९८२च्या गिरणी संपाची. माझ्या आधीच्या मुलाने सभागृह हसवून हसवून आडवं केलं. माझे पाय लटपटले. संप पिशवीतच राहिला आणि मी आईच्या फोनांचा गमतीदार तुकडा वाचला: पहाटे चारला फोन, 'तिकडे किती वाजले गं?' वगैरे. अकरा वेळा हशा. आकडा नक्की, कारण मागे बसलेल्या मैत्रिणीने तिच्याकडच्या प्रतीवर जिथे जिथे लोक हसले तिथे समासात लाल पेन्सिलीने टिंब दिलं होतं. प्रेमाने दिलं होतं, बिचारीने. तो कागद अजून आहे माझ्याकडे. पुढची चार वर्षं मी त्या टिंबांकडे बघून लिहीत होते. संपाची गोष्ट पुरी व्हायला चौदा वर्षं लागली, तोवर वडील गेले. त्यांना इंग्रजी येत नव्हतं हे खरं. पण मी मराठीत सांगितली असती की बसून. त्यांनी चुका काढल्या असत्या, साच्यांचे आवाज चुकलेत म्हणाले असते.

म्हणून सांगते, लिहिलेलं वाच.

तू लगेच म्हणणार, मावशी, शंकर पाटील, मिरासदार, माडगूळकर गावोगाव कथाकथन करायचे, विंदा-बापट-पाडगावकर कविता म्हणत हिंडायचे, लोक पोट धरून हसायचे, ते काय वाईट? अगं, वाईट कोण म्हणतंय! पण त्यांच्यासमोर बसलेल्यांना चुंबळ काय ते समजावावं लागत नव्हतं. हशा त्यांच्या गोष्टीच्या पोटातून यायचा. तू मात्र हशा आधी ठरवते आहेस आणि त्याच्या मापाची गोष्ट शिवते आहेस. हा फरक तुला कळत नाही असं नाही. भीती वाटली की माणूस न कळल्यासारखं करतो, एवढंच.

वर्कशॉपमध्ये बाकीचे बोलतात आणि लेखकाने तोंड बंद ठेवायचं असतं, हो ना? तेव्हा तुझं पान एकटंच लढतं. वाचनाच्या दिवशी तू त्याच्या बाजूने उभी राहायचंस. त्याला घरी ठेवून दुसऱ्यालाच घेऊन जायचं म्हणजे काय!

तुला कुणीतरी सांगेलच की या बाईचं एकच पुस्तक आहे, तेही हडकुळं. सांगू दे. दुसरं नऊ वर्षं कपाटात पडलंय, कारण एका प्रकाशकाला मागे शब्दार्थांची यादी हवी होती आणि मी ती दिली नाही. लोक म्हणतात हेकट. बहीण म्हणते, चार पानांची यादी दिली असतीस तर काय बिघडलं असतं? बिघडलं असतं. निदान मला तसं वाटतं, आणि रोज सकाळी वाटतं, अगदी रोज. तू हे माझ्याकडून घे असं नाही. तुझं आयुष्य, तुझी कपाटं. पण चुंबळ ठेव.

शिकागोहून साडेतीन-चार तासांचा रस्ता आहे, मार्चमध्ये बर्फ नसलं तर मी येते. मागच्या रांगेत बसेन. पेन्सिल आणणार नाही.

एक मात्र आधी तपास. आजी एका हाताने विहिरीचा दोर धरते आणि दुसऱ्या हाताने पदर पिळून चुंबळ करते असं तू लिहिलंयस. मी काल स्वयंपाकघरात ओढणी घेऊन तीनदा करून पाहिलं. एका हाताने होत नाही. पीळ सुटतो. आईला फोन कर आणि विचार.

तुझी,
मावशी