सूडाचे विचार येतात, म्हणजे माझ्या हातून काही घडेल का?

सूडाचा एखादा सिनेमा पाहिला आणि तेव्हापासून तसलेच विचार डोक्यात घोळतात, ही भीती घेऊन लातूरला माझ्याकडे समुपदेशनासाठी बरीच माणसं येतात. औसा तालुक्यातला एक शेतकरी बायकोसोबत आला होता (ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत). बांधावरून भावकीत भांडण. चुलतभावानं त्याच्या वडिलांना चारचौघांत ढकललं, पुढच्याच महिन्यात वडील हार्ट अटॅकनं गेले. वर्षभरानं मोबाइलवर सिनेमा पाहिला, त्यातला नायक बापाचा बदला घेतो.

"मॅडम, तवापासून झोप नाही. डोळे मिटले की त्योच दिसतो."

बायकोनं खालमानेनं सांगितलं, "कोयता मी कडब्यात लपवलाय." हे त्याला माहीतच नव्हतं. तो तिच्याकडे बघतच राहिला.

मी आधी सरळ विचारलं: कधी, कुठं, कसं ठरवलंय का? मागावर गेलात का? पिता का? असं विचारल्यानं कुणाच्या डोक्यात नवं खूळ भरत नाही, उलट बोलायला वाट मिळते. तयारी दिसली तर समोरच्याचा जीव वाचवण्यासाठी मला गुप्तता बाजूला ठेवावी लागते, 2017 च्या मानसिक आरोग्य कायद्यातही ती मुभा आहे. हे मी पहिल्याच भेटीत सांगते. इथं तयारी काहीच नव्हती.

मग विचारलं, डोळे मिटल्यावर चुलतभाऊ दिसला की पुढं काय आठवतं?

वडिलांना तो दादा म्हणायचा. बऱ्याच वेळानं म्हणाला, "त्या दिवशी दादांचा फोन आलता. मी पुण्यात, कंपनीत. उचलला नाही. माघारी करायचा राहूनच गेला."

राग चुलतभावावर होता, पण रोज रात्री शिक्षा तो स्वतःलाच देत होता. मी रिकाम्या खुर्चीत वडील बसलेत असं समजून बोलायला लावलं. "दादा, फोन उचलायला पायजे होता," एवढं म्हणून तो हमसून रडला. बायकोनं पाठीवर हात ठेवला.

झोपेसाठी मानसोपचारतज्ज्ञांकडे पाठवलं. बांधासाठी त्यानं भूमी अभिलेख कार्यालयात मोजणीचा अर्ज दिला. चुलतभावाशी तो अजून बोलत नाही. माफ कर, असं मी म्हटलं नाही. ते कुणावर लादणं मला पटत नाही.

असे विचार छळत असतील तर टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या 14416 वर फोन करा. तो मोफत आहे, चोवीस तास चालतो, मराठीत बोलता येतं. घरात कुणी खरोखर तयारीला लागलेलं दिसलं, तर मात्र थांबू नका, 112 लावा.