मम जनकाची नौका, की बाबांची होडी?

प्रश्न : मी वेंगुर्ल्याजवळच्या एका गावात राहते आणि काही वर्षांपासून कविता लिहिते. ‘परतुनि आली नौका मम जनकाची’ ही माझी ओळ वाचून मैत्रीण म्हणाली, की असे उलटसुलट आणि जुनाट मराठी आता कोणी लिहीत नाही. कवितेत असे लिहू नये काय?

उत्तर : शब्दांचा क्रम आणि शब्दांचे वय या दोन निराळ्या गोष्टी आहेत. मराठीत विभक्तिप्रत्यय शब्दांचे नाते सांभाळतात, त्यामुळे शब्दांनी जागा बदलल्या तरी अर्थ सहसा हरवत नाही. वारा सुटलेला असताना किनाऱ्यावर वाट पाहणारी बाई ‘आली गं, आली होडी’ असेच म्हणते, कारण होडी आली, हेच तिला आधी सांगायचे असते. आपल्या ओळीतही ‘आली’ याच ओढीने पुढे आले आहे. ते तिथेच राहू द्यावे.

‘मम’, ‘जनक’ आणि ‘नौका’ यांना मात्र असा आधार नाही. ज्यांना आपण घरी बाबा म्हणता, ते ‘जनक’ झाले की वल्ही मारून घट्टे पडलेले त्यांचे हात दिसेनासे होतात. याउलट तांडेल, शीड, मतलई वारा हे शब्द शहरातल्या वाचकाला जुने वाटले, तरी आपल्या किनाऱ्यावर ते रोज तोंडी असतात. ते निःसंकोच वापरावेत.

आपल्याच किनाऱ्यावरच्या मालगुंडचे केशवसुत १८९३ मध्ये ‘एक तुतारी द्या मज आणुनि’ असे लिहितात. ती ओळ १६ मात्रांची आहे. ‘मज’च्या जागी ‘मला’ आणि ‘आणुनि’च्या जागी ‘आणून’ घातले, तर दोन मात्रा वाढतात आणि चाल मोडते. त्याच कवितेत ‘जुने जाउ द्या मरणालागुनि’ असे बजावतानाही ‘लागुनि’ हे जुने रूप आहे. त्या काळच्या पद्यात अशी रूपे रुळलेली होती, त्यामुळे नव्या विचाराला त्यांची अडचण झाली नाही. आज मुक्तछंदात लिहिणाऱ्याला मात्रांची ही सबब उरत नाही, आणि आपली ओळ तर मुक्तछंदातलीच दिसते.

आमच्या मते ‘आली परत बाबांची होडी’ एवढे पुरे आहे. पुढची ओळ आपणच लिहावी, कारण त्या दिवशी होडीत बांगडे होते की नुसती ओली जाळी, हे आपण पाहिलेले आहे.