वाचकांचे प्रश्न : काउबॉय रिव्हॉल्वर आणि घरी ओतलेल्या हलक्या गोळ्या

प्रश्न : आम्ही नवराबायको टेक्सासमध्ये असतो, काउबॉय शूटिंगच्या, म्हणजे जुन्या काउबॉय काळातल्या बंदुकांच्या नेमबाजीच्या नादाला लागलोय. दोघांची रिव्हॉल्वरं .३८ स्पेशल, लिव्हर ॲक्शन (खालची कडी ओढून काडतूस चढवायची) रायफल पण त्याच काडतुसाची, १८७३ च्या विंचेस्टरची नक्कल. १५८ ग्रेनच्या (ग्रेन म्हणजे गोळीच्या वजनाचं माप) गोळीचा धक्का हिला सोसत नाही म्हणून १०५ ग्रेनची गोळी ओतायचा साचा आणला. निम्म्या गोळ्यांवर सुरकुत्या येतात आणि रायफल मध्येच अडकते. काय चुकतंय?

उत्तर : सुरकुत्यांचं सोपं आहे हो, साचा गार पडतोय. १०५ ग्रेन म्हणजे जेमतेम ६.८ ग्रॅम, इतकंसं शिसं साच्याला तापवणार किती? १५८ ग्रेनला तुमचा जो हात चालायचा तो इथे पुरत नाही, भराभर ओता आणि सुरुवातीच्या गोळ्या सरळ परत भांड्यात टाका. उलट गोळी पांढुरकी, दव पडल्यासारखी दिसली तर साचा जास्त तापलाय, पण तशी गोळी बिनधास्त वापरा, सुरकुतलेली नको.

शिसं कुठून आणलंय ते लिहिलं नाहीत. गाडीच्या चाकाला बॅलन्सिंगसाठी लावतात ती वजनं वितळवत असाल तर त्यात हल्ली जस्ताची पण असतात आणि जस्त मिसळलं की ओतीव काही केल्या धड येत नाही. शिसं ३२७ अंशाला वितळतं, जस्त ४१९ ला, म्हणून आच कमीच ठेवा, जस्ताचे तुकडे वर तरंगतात ते काढून टाका. शिसं थोडं मऊ राहिलं तरी बिघडत नाही, या खेळात वेग कमीच असतो, थोडं कथील घातलं की साचा छान भरतो.

आता रायफल, खरं दुखणं इथे आहे. तुमच्या १८७३ च्या नमुन्यात काडतूस वर उचलणारा जो ठोकळा असतो त्यातल्या काडतुसाच्या लांबीनेच मागून येणारं काडतूस मॅगझिनच्या (काडतुसं साठवायच्या) नळीत थोपवून धरलं जातं. हलकी गोळी आखूड, त्यामुळे काडतूस आखूड, मग ते मागचं काडतूस अर्धवट ठोकळ्यात शिरतं आणि सगळं जाम. साचा कितीही चांगला असला तरी रायफलला लांबी हवी म्हणजे हवीच. तेव्हा रिव्हॉल्वरला १०५, रायफलला १२५ ग्रेन, किंवा रायफल .३५७ मॅग्नमचं (तेवढ्याच जाडीचं पण लांब) काडतूसही घेत असेल तर हलकीच गोळी त्या लांब केसमध्ये, म्हणजे काडतुसाच्या नळकांड्यात. आणि नाक चपटं असलेलीच घ्या, मॅगझिनमध्ये एकाचं नाक पुढच्याच्या प्रायमरला (ठोका बसला की दारू पेटवणाऱ्या टोपीला) टेकलेलं असतं, टोकदार नाकाने तो पेटू शकतो.

प्रश्न : मग धक्का अजून कमी करायला काडतुसातली दारू कमी केली तर? (याच पत्रात खाली)

उत्तर : स्वतःच्या मनाने अजिबात नाही! छापील मॅन्युअलमधला त्या गोळीचा आकडा घ्या, त्याखाली जाऊ नका. दारू फार कमी पडली तर गोळी नळीतच अडकते, आणि या खेळात माणूस घाईत असतो, त्याच्या लक्षात येत नाही, मागून दुसरी सुटली की नळी फुटते. शिवाय हा खेळ चालवणाऱ्या सिंगल ॲक्शन शूटिंग सोसायटीचा नियम आहेच, गोळीचं वजन ग्रेनमध्ये गुणिले वेग फूट प्रति सेकंद, भागिले हजार, हे किमान ६० यायला हवं. १०५ ग्रेनला ६०० फुटांनी ६३ येतं, म्हणजे बसतं. हलकी गोळी निशाणावर थोडी खाली लागते हे लक्षात असू द्या, तुमच्या रिव्हॉल्वरची माशी, म्हणजे नळीच्या टोकावरची नेम धरायची खूण, फिक्स असते.

हे सगळं स्वयंपाकघरात करत नाही ना? बाहेर, वारा असलेल्या जागी करा, भांडी वेगळी ठेवा, पोरांना लांब ठेवा, खाण्याआधी हात धुवा. आणि पाण्याचा एक थेंबही वितळलेल्या शिशात जाऊ देऊ नका, वाफ होऊन शिसं तोंडावर उडतं.

प्रश्न : नाशिकमध्ये असं घरी करता येईल का?

उत्तर : नाही. १९५९ च्या शस्त्र कायद्यात काडतुसाचे भाग आणि ते बनवायची यंत्रं पण दारूगोळ्यातच धरलीत, परवान्याशिवाय बनवणं गुन्हा आहे. नेमबाजीच करायची असेल तर १० मीटर एअर रायफलच्या रेंजवर नाव घाला, कोल्हापूरच्या स्वप्निल कुसाळेने २०२४ मध्ये पॅरिस ऑलिंपिकला ५० मीटर रायफलमध्ये ब्राँझ आणलंय.