‘बाळाची नाळ साठवून ठेवू का?’ : थॅलेसेमियाच्या घरातला प्रश्न

तासगावकडचं द्राक्षबागायतदार कुटुंब आमच्याकडे आनुवंशिक आजाराच्या सल्ल्यासाठी आलं. ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत. सहा वर्षांच्या मुलाला थॅलेसेमिया मेजर, म्हणजे शरीरात पुरेसं हिमोग्लोबिन न बनण्याचा आनुवंशिक आजार आहे, दर तीन आठवड्यांनी मिरजेला रक्त चढतं. मोठी बहीण नऊ वर्षांची, रिपोर्टमध्ये ‘मायनर’, म्हणजे स्वतः आजारी नाही पण बिघडलेल्या जनुकाची वाहक. आई पुन्हा गरोदर, नववा आठवडा चालू. सोबत आजी, आणि आजीच्या पिशवीत नाळेतलं रक्त साठवणाऱ्या एका खासगी बँकेचा करारनामा. पाऊण लाख रुपये, हप्त्यांची सोय. वडिलांचा प्रश्न असा, “बाळाच्या नाळेनं दादा बरा होईल म्हणतात. सही करू का?”

हे वाक्य खोटं नाही, अडचण तिथेच आहे. ज्या घरात असा आजार नाही, तिथे ‘बाळाच्या भविष्याचा विमा’ म्हणून नाळ साठवण्यात फारसा अर्थ नाही. भारतीय बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेनं २०१८ मध्येच या जाहिरातबाजीला विरोध नोंदवला आहे. शिवाय आनुवंशिक आजारात मुलाची स्वतःची नाळ त्याच्या कामाची नसते, कारण बिघडलेलं जनुक त्याच पेशींत असतं. हे सांगितल्यावर वडील म्हणाले, “म्हणजे रोगट वेलीचीच काडी परत लावल्यागत झालं की.” अगदी तेच. पण ज्या घरात भावंडाला थॅलेसेमिया आहे, तिथे धाकट्याच्या नाळेतल्या मूलपेशी, म्हणजे ज्यांपासून नवं रक्त तयार होतं त्या पेशी, खरोखर उपयोगी पडू शकतात. प्रश्न ‘किती शक्यता’ आणि ‘कोणत्या क्रमानं’ एवढाच उरतो.

शक्यता कागदावर मांडून दाखवली. दोन्ही पालक मायनर असतील तर बाळाला मेजर असण्याची शक्यता चारात एक, म्हणजे नसण्याची चारात तीन. एचएलए, म्हणजे पेशींवरच्या ज्या खुणांवरून दाता जुळतो की नाही ते ठरतं, त्या सख्ख्या भावंडांत पूर्ण जुळण्याची शक्यता चारात एक. ही दोन जनुकं वेगवेगळ्या गुणसूत्रांवर आहेत, बीटा ग्लोबिन ११ व्या आणि एचएलए ६ व्या, त्यामुळे दोन्ही गणितं स्वतंत्र. गुणाकार सोळात तीन. वीस टक्क्यांच्याही आत. बँकेच्या प्रतिनिधीनं हा आकडा सांगितला नव्हता.

त्यात पेशींची संख्या. नाळेतून साधारण ७०-८० मिली रक्त मिळतं. प्रत्यारोपणासाठी रुग्णाच्या वजनाच्या किलोमागे निदान ३ कोटी पेशी लागतात, म्हणजे २० किलोच्या मुलाला ६० कोटी. पिशवीत तेवढ्या भरल्या नाहीत तर? करारनाम्यात ते शोधलं. पेशी कमी निघाल्या तर पैसे परत मिळतील असं कुठेही नव्हतं. आणखी एक गोष्ट सहसा कोणी बोलत नाही. नाळ लगेच न कापता एक ते तीन मिनिटं थांबावं, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते, कारण ते रक्त बाळाच्या अंगात गेलं तर पुढे त्याला लोहाची कमतरता कमी जाणवते. पिशवी भरायची घाई केली तर ते रक्त बाळाच्याच वाट्याचं कमी होतं.

सगळ्यात दिलासा देणारी माहिती मात्र वेगळी होती. बाळ जुळणारं निघालं आणि नाळ साठवलेली नसली, तरी संधी जात नाही. बाळ थोडं मोठं झाल्यावर त्याचा बोन मॅरो, म्हणजे हाडातला रक्त तयार करणारा मगज, घेता येतो, आणि थॅलेसेमियात आजही मुख्य भर त्यावरच आहे. हे कळल्यावर ‘आत्ता सही नाही केली तर पोराचं वाटोळं’ ही भीती बरीच उतरली.

मग क्रम ठरवला. पहिलं काम गर्भाच्या तपासणीचं, त्याला मुदत आहे. पालकांची एचपीएलसी, म्हणजे हिमोग्लोबिनची रक्ततपासणी, झालेली होती, पण त्यावरून वाहक आहेत एवढंच कळतं. नेमका जनुकदोष कोणता, हे डीएनए तपासणीतून आधी माहीत हवं, नाहीतर गर्भाच्या नमुन्यात शोधायचं काय? दोघांचं दोन-तीन मिली रक्त त्याच दिवशी पाठवलं. त्यानंतर ११ ते १३ आठवड्यांदरम्यान सीव्हीएस, म्हणजे वारेचा बारीक तुकडा सुईनं घेणं. यात गर्भपाताचा धोका शंभरात एकाहून कमी, पण आहे. हे सगळं पीसीपीएनडीटी, म्हणजे गर्भलिंगनिदानाला बंदी घालणाऱ्या कायद्याखाली नोंदणी असलेल्या केंद्रातच, संमतीच्या फॉर्म ‘जी’वर आईची सही घेऊन. लिंग सांगितलं जात नाही, हे आजीला दोनदा सांगावं लागलं.

दुसरं काम मोठ्या बहिणीचं. तिची एचएलए तपासणी झालेलीच नव्हती! मायनर असलेली व्यक्ती दाता होऊ शकत नाही, असा घरात ठाम समज होता. होऊ शकते, मायनर भावंडाचा मॅरो सर्रास वापरला जातो. न जन्मलेल्या बाळावर पाऊण लाख लावायला सगळे तयार, आणि घरात हिंडणाऱ्या मुलीची तपासणी कुणाला सुचली नव्हती. आजीचा विरोध दुसऱ्याच कारणानं, “पोरीच्या हाडात सुई घालायची? उद्या लग्नाच्या वेळी कोण ईचारंल?” त्यावर नेमकं सांगितलं. भूल देऊन कमरेच्या हाडातून घेतात, दात्याच्या वजनाच्या किलोमागे २० मिलीहून जास्त नाही, काही दिवस दुखतं, मॅरो काही आठवड्यांत भरून येतो. पण मुलीला विचारायचं, हेही तितकंच स्पष्ट सांगितलं. सही पालकांची असली तरी नऊ वर्षांच्या मुलीला समजेल अशा भाषेत सांगून तिचा होकार घेणं आवश्यक आहे. मुलाचा नमुना मात्र गालाच्या आतून घ्यायला सुचवलं, कारण वारंवार रक्त चढवलेल्याच्या रक्तात दुसऱ्याच्या पेशींची सरमिसळ होऊ शकते.

बहिणीची जुळणी अर्धीच निघाली. गर्भाचा रिपोर्ट मायनर आला.

आता वडिलांनी विचारलं, “मॅडम, त्याच नमुन्यातून जुळतंय का तेही बघता येईल ना?” तांत्रिकदृष्ट्या येतं. आमचं मत ‘थांबा’ असं होतं. बाळ निरोगी वाढणार हे कळलंय. जुळत नाही असं आत्ता कळलं तर उरलेले महिने त्या बाळाकडे घर कोणत्या नजरेनं बघेल? आणि जुळणी नाही म्हणून गर्भपात, हे कारण कायद्यात बसत नाही. आई इतका वेळ गप्प होती, ती म्हणाली, “नको. आधी येऊ दे त्याला.” नाळेचा निर्णय प्रत्यारोपण करणाऱ्या डॉक्टरांशी बोलून घ्यायचं ठरलं. थोडं थांबून नाळ कापायची, मग मिळेल ते रक्त घ्यायचं, पेशी मोजून आणि जुळणी बघूनच साठवायचं. करारनामा सहीविना परत गेला.

मधल्या काळात पैसे कुठे लावायचे, यावर आम्ही जरा आग्रही होतो. मुलाचं फेरिटिन, म्हणजे वारंवार रक्त चढवून अंगात साठलेल्या लोहाचं माप, ३००० च्या वर गेलं होतं, कारण लोह उतरवणारी गोळी महिन्यातून आठ-दहा दिवस चुकत होती. ते १००० च्या आसपास आणायला हवं. यकृतात लोह साचून सूज आणि व्रण झाले की उद्या दाता जुळूनही प्रत्यारोपणाचा निकाल बिघडतो. प्रत्यारोपणाच्या खर्चासाठी कोल इंडियाच्या थॅलेसेमिया बाल सेवा योजनेतून १० लाखांपर्यंत मदत मिळते, तिच्या अटी आधीच वाचून ठेवायला सांगितलं. मोबाइलवर पाहिलेल्या ‘जीन एडिटिंग’विषयीही विचारणा झाली. कॅसजेवी हे औषध खरं आहे, ब्रिटनमध्ये नोव्हेंबर २०२३ मध्ये मंजूर झालं. रुग्णाच्याच पेशींत बदल करून गर्भावस्थेतलं हिमोग्लोबिन पुन्हा सुरू करतात. पण त्याआधी प्रत्यारोपणाला लागते तशीच कडक केमोथेरपी लागते, आणि अमेरिकेत किंमत सुमारे २२ लाख डॉलर. त्यासाठी बागेचा तुकडा विकायला काढू नये.

एक विषय राहिला होता. सून म्हणजे मामाची मुलगी, सासू तिची आत्या. ‘दोष सुनेकडून आला’ ही कुजबुज घरात होती. नवरा-बायको दोघांत एकच जनुकदोष निघाला, तो बहुधा आजीच्याच माहेरून दोघांपर्यंत पोचला असावा. आजी यावर काही बोलल्या नाहीत. पण दुसऱ्या आठवड्यात धाकट्या मुलीला, म्हणजे सुनेच्या नणंदेला, एचपीएलसीसाठी स्वतः घेऊन आल्या. तिचं लग्न ठरत आलंय. ती मायनर निघाली. मुलाकडच्यांना हे आम्ही कळवू शकत नाही, तो अधिकार तिचा. मुलाची तपासणी साखरपुड्याआधी व्हावी, एवढं तिला सांगितलं आहे. निरोप तिनं द्यायचा की भावानं, यावर घरात अजून बोलणं चालू आहे.