घोडी पाय आपटते ती कोणत्या माशीमुळे? उन्हाळ्यातल्या चावऱ्या माश्यांबद्दल सल्ला

प्रश्न: ऊन वाढल्यापासून घोडी दिवसभर पाय आपटते, एका पायाचा नालही सैल झाला. लीद रोज उचलतो, संध्याकाळी धूर करतो, तरी माश्या हटत नाहीत. गुरांसाठी आणलेलं गोचिडाचं औषध घरात आहे, ते घोडीवर मारलं तर चालेल का?

उत्तर: औषधाचं आधी सांगतो, कारण त्यात घोडी जिवाला मुकू शकते. बाटलीवर ‘अमिट्राझ’ लिहिलेलं असेल, तर ते घोड्याच्या अंगाला लावूच नका. गुरांना ते चालतं. घोड्यात मात्र आतड्यांची हालचाल मंदावते, मोठ्या आतड्यात चारा अडकून गच्च बसतो आणि पोटशूळ उठतो. त्रास लगेच न दिसता एक-दोन दिवसांनी दिसू शकतो, त्यामुळे फवारणीचा आणि पोटदुखीचा संबंध कुणाच्या लक्षातही येत नाही. मारून झालं असेल तर हातमोजे घालून साबणाच्या पाण्याने अंग धुवा, लीद पडते की नाही यावर लक्ष ठेवा आणि पशुवैद्यकांना बाटलीसकट बोलावून घ्या. पिकावरची कीटकनाशकं, रॉकेल, डिझेल, इंजिनचं जुनं ऑइल हेही अंगाला लावायचं नाही. घोड्याची कातडी पातळ असते, ती भाजते.

आता माशीकडे वळू. घोडमाशी, गोमाशी, डांस ही नावं कोण कुठल्या माशीला लावेल याचा नेम नाही. म्हणून ती अंगावर कुठे बसते आणि कधी येते ते बघा. दिवसा गुडघ्याखाली बसते आणि जनावर पाय आपटतं, ही खूण बहुतेक वेळा तबेल्यातल्या चावऱ्या माशीची असते. ती घरमाशीएवढीच आणि तशीच दिसते. जवळून बघितलं तर तोंडापुढे सुईसारखी टणक सोंड सरळ पुढे आलेली असते. घरमाशीची सोंड मऊ असते आणि खाली लोंबते. चावऱ्या माशीत नर आणि मादी दोघंही रक्त पितात. चार-पाच मिनिटांत पोट भरलं की ती उडते आणि भिंतीवर, खांबावर, कुंपणावर जाऊन बसते. दिवसाचा बाकीचा वेळ ती घोडीच्या अंगावर नसतेच, म्हणून अंगावर कितीही औषध मारलं तरी ते पुरं पडत नाही.

लीद उचलूनही माश्या का राहतात, याचं उत्तर गव्हाणीखाली आहे. या माशीला निव्वळ ताज्या लिदीपेक्षा मुताने भिजून आंबलेलं गवत आणि लीद-चाऱ्याचा जुना काला जास्त मानवतो. गव्हाणीच्या कडेला, पाण्याच्या टाकीजवळ, भिंतीच्या कोपऱ्यात जिथे चारा सांडून तुडवला जातो, तिथे दाताळ्याने चार बोटं थर उचलून बघा. वरून कोरडं दिसतं, खाली ओलं आणि कोमट असतं. त्यात पिवळसर पांढऱ्या अळ्या आणि तांबूस तपकिरी, धान्याच्या दाण्यासारखे कोष सापडले, तर माश्यांचा कारखाना तोच. उन्हाळ्यात अंड्यापासून माशी व्हायला साधारण दोन ते तीन आठवडे लागतात. याचा अर्थ असा, की ही ओली गादी दर आठवड्याला एकदा पूर्ण निघाली, तर तिथली अंडी माशी होईपर्यंत टिकतच नाहीत. आठवड्यातून दोनदा काढलीत तर उत्तमच.

ती काढताना जमिनीपर्यंत खरवडा. ओली जागा उघडी ठेवून वाळू द्या, मग विरलेल्या चुन्याचा पातळ हात फिरवून वर कोरडं अंथरूण घाला. कळीचा चुना वापरू नका, ओल लागली की तो खूर आणि कातडी जाळतो. टाकी गळत असेल तर ती आधी दुरुस्त करा, नाहीतर बाकीची मेहनत फुकट जाते. जमिनीला दर दहा फुटांमागे दोनेक इंच उतार असला की मूत थांबत नाही. कोरड्या जागी अळी जगत नाही, हे एवढं धरून चाललात तरी निम्मं काम होतं.

उचललेल्या लिदीचं काय करता, हेही तितकंच महत्त्वाचं. मोठ्या घोड्याची लीद दिवसाला 20 किलोच्या आसपास भरते. ती तबेल्याच्या पाठीमागे सैल टाकली तर माशीला फक्त घर बदलून दिल्यासारखं होतं. लांबी, रुंदी आणि उंची प्रत्येकी निदान एक मीटर होईल असा घट्ट ढीग रचा. आतली उष्णता 55 ते 60 अंश सेल्सिअसवर गेली की अळ्या मरतात. पण ढिगाची बाहेरची चार-पाच इंचांची साल थंड राहते आणि अळ्या सरकून तिथेच जमतात. म्हणून दर आठवड्याला बाहेरचं आत घालून ढीग पलटायचा, वर काळं प्लास्टिक ताणून कडा मातीने दाबायच्या. जागा मोकळी असेल आणि ऊन कडक असेल, तर लीद दोन इंचांपेक्षा पातळ पसरून वाळवणं त्याहून सोपं. ढिगावर कीटकनाशक मारू नका. माशीच्या कोषात अंडी घालणाऱ्या बारीक गांधिलमाश्या तिथेच राबत असतात, त्या आधी मरतात.

धुराने फरक पडत नाही, कारण धूर तुम्ही संध्याकाळी करता आणि ही माशी दिवसा चावते. शिवाय बंद तबेल्यातला धूर घोड्याच्या फुप्फुसांना फार वाईट, आणि सुक्या चाऱ्याशेजारी विस्तव ठेवणं धोक्याचं. त्याऐवजी पंखा लावा. मोटर पूर्ण बंदिस्त असलेला, धूळ आत न जाणारा पंखा घ्या आणि वायर घोड्याच्या तोंडाला पोचणार नाही अशी घाला.

अंगावर लावायचंच असेल तर घोड्यांसाठी नोंद असलेलं परमेथ्रिनचं तयार औषध घ्या आणि लेबलवरचंच प्रमाण पाळा. आधी खरारा करा. धुळीवर मारलेलं औषध धुळीबरोबर झडतं. या माशीसाठी मुख्य म्हणजे चारही पाय आणि पोटाची खालची बाजू. तोंडाला फवारा नको, फडक्याने पुसून लावा, डोळे आणि नाकपुड्या सोडून. घामाने ते उतरतं, त्यामुळे कामाच्या घोड्याला त्याचा असर कमी टिकतो. घरात मांजर असेल तर औषध वाळेपर्यंत तिला लांब ठेवा, परमेथ्रिन तिला प्राणघातक आहे. उरलेलं पाणी ओढ्यात किंवा तळ्यात ओतू नका, मासे मरतात. भिंतीवर फवारायचं असेल तर ताज्या चुन्याच्या भिंतीवर फवारून उपयोग नाही, चुन्यामुळे औषध लवकर निकामी होतं. माश्या कमी होण्याच्या आशेने लसूण खाऊ घालणारे बरेच आहेत. जास्त लसणाने घोड्याच्या तांबड्या पेशी फुटून रक्त कमी होतं, तेव्हा तो नाद नको. आणि शेपटीचे केस छाटू नका, घोडीकडे तेवढं एकच हत्यार आहे.

उपाय लागू पडतोय का, हे अंदाजावर सोडू नका. रोज एकाच वेळी पुढच्या दोन पायांवरच्या माश्या मोजून लिहून ठेवा. दोन-तीन आठवड्यांत आकडा उतरला नाही, तर कुठेतरी ओली जागा शिल्लक आहे. ती शेजारच्या गोठ्यातही असू शकते, कारण ही माशी काही किलोमीटर उडते.

प्रश्न: आमचा घोडा संध्याकाळी आयाळ आणि शेपटीचं मूळ खांबावर घासून रक्त काढतो. अंगावर माशी मात्र दिसत नाही.

उत्तर: ही केमरं, म्हणजे रक्त पिणाऱ्या अगदी बारीक माश्या. एक ते तीन मिलिमीटरची, म्हणून दिसत नाहीत. सूर्य मावळताना आणि उगवताना ती चावतात. काही घोड्यांना त्यांच्या लाळेची अॅलर्जी असते आणि अशा घोड्याला थोडीशी चावली तरी भयंकर खाज सुटते. मावळतीच्या तासभर आधी घोडा आत घ्या आणि ऊन चढल्यावरच बाहेर काढा. केमरं दुबळी उडणारी, पंख्याच्या झोतात टिकत नाहीत. इथे पंखा औषधापेक्षा भारी पडतो. साधी मच्छरदाणीची जाळी चालणार नाही, त्यातून ती शिरतात, बारीक विणीची हवी. मान आणि शेपटीचं मूळ झाकणारी झूल घातलीत तर रोज काढून खालची कातडी तपासा. जखम चिघळली असेल तर पशुवैद्यकांना दाखवा.

प्रश्न: तळ्याकाठी चरताना भर उन्हात मोठी माशी चावते आणि रक्ताचा ओघळ येतो. त्यातून रोग होतो का?

उत्तर: होतो. ही मोठ्या डोळ्यांची माशी कातडी सुईने टोचत नाही, कापते; रक्त फक्त मादी पिते. तिची अळी पाणथळ चिखलात वाढते, त्यामुळे लीद उचलून ती कमी होत नाही. पण ती अंधाऱ्या जागेत सहसा शिरत नाही. तेव्हा दुपारी घोडा सावलीच्या छपरात बांधा, आणि चरायला तळ्यापासून लांब, सकाळी लवकर सोडा. तिला गडद, चकाकणारी वस्तू खुणावते, म्हणून फिकट झूल बरी. याच सवयीवर सापळा चालतो: दीड-दोन फुटांचा काळा चकचकीत चेंडू उन्हात हलता टांगायचा, त्यावर पांढऱ्या कापडाचा तंबू, टोकाला बरणी. माशी चेंडूवर बसते, वर उडते आणि बरणीत अडकते. सापळा घोड्यांपासून थोडा दूर लावा.

रोगाचं म्हणाल तर सऱ्याची, म्हणजे रक्तात वाढणाऱ्या सूक्ष्म जंतूंमुळे येणाऱ्या तापाच्या रोगाची, भीती मोठी. अर्धवट पोट भरलेली माशी एका जनावरावरून उठून दुसऱ्यावर बसते आणि सोंडेवरच्या रक्तातून जंतू पोचतात. उंट, गाई, म्हशी वरून धडधाकट दिसत असतानाही त्यांच्या रक्तात ते असू शकतात. घोड्याचं साधं तापमान 99 ते 101 अंश फॅरेनहाइट असतं. ते वर जाऊन उतरतंय, पुन्हा चढतंय, खाणं बरं असूनही घोडा वाळतोय, हिरड्या फिक्या पडल्यात, पाय आणि पोटाखाली सूज आहे, अशी लक्षणं दिसली तर ताप चढलेला असतानाच रक्त तपासायला द्या. त्या वेळी जंतू सापडण्याची शक्यता जास्त. निदान होईपर्यंत तो घोडा इतर जनावरांपासून निदान 200 मीटर लांब, जाळीच्या आत बांधा, आणि त्याला वापरलेली सुई दुसऱ्या कुठल्याही जनावराला वापरू देऊ नका.