थंड गाडी डी मध्ये टाकली की दोन-तीन सेकंद उचलतच नाही, मग झटका देते. ऑटोमॅटिक गिअरबॉक्स गेला का?

बहुतेक नाही, आधी गिअरबॉक्सच्या ऑइलची लेव्हल बघा, ती कमी असली की नेमकं असंच होतं. आतले क्लच ऑइलच्या प्रेशरवर दाबले जातात, ऑइल कमी पडलं की पंप हवा ओढतो आणि प्रेशर बनायला वेळ लागतो. आणि हे ऑइल इंजिन ऑइलसारखं जळून संपत नाही, कमी झालंय म्हणजे कुठेतरी लीक आहेच, त्यामुळे नुसतं टॉप-अप करून देणाऱ्या मेकॅनिकचं ऐकू नका, ॲक्सल सील, पॅनचं गॅस्केट आणि कूलरचे पाईप बघायला लावा. चेक करताना गाडी सपाट जागेवर, इंजिन गरम आणि चालू, लिव्हर पी वर, पण काही गाड्यांत इंजिन बंद करून बघतात आणि बऱ्याच नवीन गाड्यांत डिपस्टिकच (ऑइल मोजायची पट्टी) नसते, म्हणून मॅन्युअल बघाच. डिपस्टिक पांढऱ्या टिश्यूवर पुसा:

- लालसर, स्वच्छ: ऑइल ठीक
- काळपट, जळका वास: क्लच झिजतायत
- दुधी गुलाबी: पाणी शिरलंय, गाडी चालवूच नका

लेव्हल आणि रंग दोन्ही बरोबर असतील तर मग सोलेनॉइड, व्हॉल्व्ह बॉडी (ऑइल कुठल्या क्लचकडे जायचं ते ठरवणारे भाग) वगैरे बिघडलेलं असू शकतं, तिथे गाडीच्या कॉम्प्युटरमधले एरर वाचणारा स्कॅनर लागतो. हे सगळं टॉर्क कन्व्हर्टरवाल्या, म्हणजे नेहमीच्या ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचं झालं, सीव्हीटी (ठराविक गिअरऐवजी बेल्ट-पुलीवर चालणारा ऑटोमॅटिक) असेल तर ऑइलच वेगळं लागतं, साधं एटीएफ (नेहमीच्या ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचं ऑइल) चुकूनही ओतू नका.